देणे देवाचे, हिशेब गावाचा

(ग्रामदेवता मंदिराच्या जीर्णोद्धार सांगता समारंभातील भाषणाचा मजकूर)



ग्रामदेवतेच्या कृपेने कलशारोहण यथासांग पार पडले. चिऱ्याच्या जुन्या भिंतींची डागडुजी झाली, सभामंडपात फरशी बसली, शिखर उभे राहिले. अशा दिवशी देणगीदारांचे आभार मानण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. परंतु आभाराबरोबर आणखी एका गोष्टीचा विचार आजच झालेला बरा. कलश चढेपर्यंत गावात जो उत्साह असतो, तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही, असा बहुतेक गावांचा अनुभव आहे. शिखराला हजारांनी, लाखांनी देणारे भेटतात. समईच्या तेलाला, विजेच्या बिलाला, गुरवाच्या मानधनाला आणि गळक्या कौलाला देणारे मात्र शोधावे लागतात. मंदिर एकदा बांधून होते, पण चालवावे रोज लागते.

शिवाय गावचा न्यास म्हणजे केवळ पूजाअर्चा नव्हे. सभामंडपात भजन होते तसे मुलांचे अभ्यासवर्गही भरू शकतात. उत्सवाला महाप्रसाद होतो, तसा एखाद्या निराधार म्हातारीला महिन्याचा शिधाही जाऊ शकतो. कोणा गरिबावर अचानक इस्पितळाची पाळी आली, तर पहिला हजार रुपयांचा आधार देवळातून मिळावा, यासारखी देवाची दुसरी सेवा नाही. या सर्वांसाठी पैसा लागतो. तो कसा द्यावा, कोणत्या रीतीने द्यावा आणि दिल्यावर काय मागावे, हे प्रत्येक देणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

थोड्या पैशांतून मोठे काम उभे करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांनी काशी, सोमनाथ, वेरूळ अशा कितीतरी ठिकाणी मंदिरे आणि घाट उभारले. परंतु राज्याचा खजिना वेगळा आणि खासगीचे उत्पन्न वेगळे, हा भेद त्यांनी पाळला आणि दानधर्म खासगीतून केला. राणीने पाळलेला हा नियम गावच्या खजिनदाराने का पाळू नये? महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८८६ साली दापोली तालुक्यातील आपल्या गावासाठी ‘मुरूड फंड’ सुरू केला. पोटासाठी मुंबईला गेलेल्या माणसाने गावाचे देणे विसरू नये, हा त्यामागचा विचार होता. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून ‘पैसा फंड’ उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती घराघरांतून येणाऱ्या मूठभर धान्याच्या आधाराने वाढली; वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या आणि स्वतःच्या नावावर काही न ठेवता सारे विश्वस्तांच्या हवाली केले. या सर्वांत एक समान धागा दिसतो. देणाऱ्याची रक्कम लहान होती, पण घेणाऱ्याचा हिशेब चोख होता.

आता देण्याच्या रीती क्रमाने पाहू.

सर्वांत जुनी रीत घरटी वर्गणीची. बैठकीत आकडा ठरतो आणि यादी फिरते. यात सोय आहे, तसा धोकाही आहे. ज्याच्या घरी दोन पगार येतात त्यालाही तोच आकडा आणि जिचा संसार मजुरीवर चालतो त्या विधवेलाही तोच, हे न्यायाचे नाही. म्हणून ठरलेला आकडा हा मार्गदर्शक समजावा. ज्याला जास्त झेपते त्याने जास्त द्यावे, ज्याला झेपत नाही त्याने देईल तेवढे देवाने गोड मानावे. एकदम देणे जड जात असेल तर महिन्याचे हप्ते पाडावेत. हिशेब करून पाहा. गावात दोनशे घरे असतील आणि प्रत्येक घराने दिवसाला एक रुपया बाजूला टाकला, तर वर्षाला ७३,००० रुपये होतात. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

दुसरी रीत मुष्टिदानाची. रोजचा तांदूळ निवडताना गृहिणीने एक मूठ वेगळ्या डब्यात टाकावी आणि महिनाअखेरीस तो डबा देवळात रिता करावा. ज्या घरात रोख पैसा पुरुषाच्या हाती असतो, तेथेही ही मूठ बाईच्या हातची असते. या धान्यातून उत्सवाचा प्रसाद निघतो आणि निराधारांचा शिधाही. मात्र धान्य आले की ते मापून वहीत मांडावे. धान्य म्हणजे पैसाच होय.

तिसरी रीत दानपेटीची. ज्याला नाव नको, त्याच्यासाठी ती आहे. पेटीला दोन कुलुपे असावीत, दोन किल्ल्या दोन निरनिराळ्या माणसांकडे असाव्यात. ठरलेल्या दिवशी चारचौघांसमक्ष पेटी उघडावी, मोजदाद करावी, कागदावर आकडा लिहून हजर असलेल्यांच्या सह्या घ्याव्यात आणि रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत भरावी. गुप्तदान करणाऱ्याचे नाव गुप्त राहावे. रक्कम गुप्त राहू नये.

चौथी रीत बँकेमार्फत देण्याची. आता देवळाच्या दारात क्यूआर कोडचा कागद लागतो आणि मुंबईतील मुलगा लोकलमध्ये उभ्या उभ्या पैसे पाठवू शकतो. सोय उत्तम आहे. पण पाठवण्यापूर्वी पडद्यावर येणारे नाव वाचावे. ते न्यासाचे असले पाहिजे. अध्यक्षांच्या, खजिनदाराच्या किंवा कोणा उत्साही कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्यावर देवाचे पैसे घेऊ नयेत आणि कोणी देऊही नयेत. माणूस कितीही सचोटीचा असो. उद्या त्याचे बरेवाईट झाले तर खात्यातील पैसा वारसांचा की देवाचा, हा वाद उभा राहतो. न्यासाच्या खात्यावर दोघांच्या सहीने व्यवहार व्हावा, हे सर्वांत निर्धोक.

पाचवी रीत कायम ठेवीची, आणि आजच्या दिवशी तिचा विशेष आग्रह धरला पाहिजे. आईवडिलांच्या स्मरणार्थ पुष्कळ जण घड्याळे, पंखे, खुर्च्या देतात. घड्याळ काही वर्षांत बंद पडते. त्याऐवजी पाच हजार रुपये कायम निधीला दिले आणि दरसाल शेकडा सहा व्याज मिळाले, तर वर्षाला ३०० रुपये येतात. मूळ रक्कम तशीच राहते आणि दरवर्षी त्या पुण्यतिथीला देवापुढचा दिवा त्या व्याजातून लागतो. अशा शंभर ठेवी झाल्या तर वर्षाला ३०,००० रुपये कोणापुढे हात न पसरता मिळतील. देणाऱ्याने मात्र ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असे लेखी द्यावे आणि पावतीवर तसे लिहवून घ्यावे. नाहीतर ती चालू खर्चात जाते. विश्वस्तांनीही जादा व्याजाच्या मोहाने ती कोठेही गुंतवू नये. न्यासाचा पैसा कोठे ठेवावा हे कायद्याने ठरवून दिले आहे. ते पाहूनच ठेव करावी.

सहावी रीत वस्तूंची आणि श्रमाची. घंटा, समई, सतरंजी, भांडी अशी वस्तू आली की तिची नोंद जडवस्तूंच्या वहीत व्हावी आणि वर्षातून एकदा वही हाती घेऊन वस्तू मोजाव्यात. दागिना आला तर तो पंचांसमक्ष सराफाकडून तोलून, वजन व कस लिहून ठेवावा. बांधकामासाठी चिरे, वाळू, मुरूम देणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे गौण खनिज आहे. त्याची रॉयल्टी आणि वाहतुकीचा पास लागतो. काम देवाचे असले तरी विनापास गाडी रस्त्यात अडवली जाते, दंड होतो आणि दान देणाऱ्याला मनस्ताप होतो. ज्याच्याकडे पैसा नाही, वस्तूही नाही, त्याचे दोन हात आहेत. गवंड्याने एक दिवस दिला, वायरमनने तारा ओढून दिल्या, शिकलेल्या मुलीने हिशेबाच्या वह्या उतरून काढल्या, तर तीही देणगीच आहे. श्रमदानाची वेगळी यादी करून ती रोख देणगीदारांच्या यादीशेजारीच लावावी.

सातवी रीत जमिनीची, आणि येथे फार जपून चालले पाहिजे. गावोगावी असे घडले आहे की आजोबांनी भरल्या सभेत ‘हा तुकडा देवाला दिला’ असे सांगितले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण कागद झाला नाही. आजोबा गेले, साक्षीदार गेले, सातबाऱ्यावर नातवंडांची नावे लागली आणि देवळाचा रस्ता कोर्टात अडकला. यात नातवंडांचा दोष कमी, न लिहिलेल्या शब्दाचा अधिक. न्यासाला जागा द्यायची असेल तर बक्षीसपत्र करावे, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात, ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे आणि मग फेरफार घालून सातबारा न्यासाच्या नावावर झाला की नाही हे स्वतः पाहावे. जागा वडिलोपार्जित असेल तर सर्व सहहिस्सेदारांची संमती हवी. २००५ सालच्या दुरुस्तीनंतर मुलींचाही मुलांइतकाच हक्क आहे, तेव्हा सासरी गेलेल्या बहिणींना विचारल्यावाचून देवाला जमीन देऊ नये. बहिणीच्या वाट्याचे दान भावाने करणे, हे दान नव्हे. शेतजमीन असेल तर कूळकायद्याचे कलम ६३ आणि १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येऊ शकतो. म्हणून आधी तहसील कचेरीत विचारावे आणि मगच शब्द द्यावा.

जमीन एकदा न्यासाची झाली की ती विश्वस्तांच्या मर्जीने विकता येत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. देवस्थान इनामाच्या जमिनींचेही नियम कडक आहेत. हे नियम दात्याच्या इच्छेच्या रक्षणासाठी आहेत, हे ओळखून कोणी त्यांचा राग धरू नये.

आठवी रीत मृत्युपत्राची. हयातीत देणे शक्य नसेल तर आपल्या स्वकष्टार्जित मिळकतीतील काही भाग मृत्युपत्राने न्यासाला देता येतो. दोन साक्षीदारांनी सह्या केल्या पाहिजेत. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. त्यात ‘गावच्या देवळाला’ असे मोघम न लिहिता न्यासाचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहावा. आणि ही गोष्ट घरच्यांना आधी सांगावी. बायकामुलांच्या तोंडचा घास काढून देवाला दिलेला देवालाही रुचणार नाही.

चाकरमानी आणि परदेशस्थ बांधवांसाठी दोन शब्द. भारताचे नागरिक राहून आखातात किंवा अन्यत्र नोकरी करणाऱ्याने स्वतःच्या कमाईतून, बँकेच्या मार्गाने पाठवलेली रक्कम विदेशी देणगीत मोडत नाही. परंतु ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे त्याची देणगी मोडते आणि ती घेण्यासाठी न्यासाला २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. अशा बांधवाने प्रेमाने पाठवलेला पैसा न्यासाला अडचणीत आणू नये, म्हणून पाठवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

प्राप्तिकराच्या सवलतीबद्दलही स्पष्ट बोललेले चांगले. ‘८०जी’ या नावाने लोक जी सवलत ओळखतात, ती प्रत्येक देवळाच्या पावतीवर मिळत नाही. त्यासाठी संस्थेला प्राप्तिकर खात्याची मान्यता लागते, संस्था एखाद्याच धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी असून चालत नाही. मंदिरांच्या दुरुस्तीसाठी सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने जाहीर केलेल्या ऐतिहासिक किंवा विख्यात स्थळांपुरती. दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला ती लागू होत नाही आणि नव्या करप्रणालीचा पर्याय घेणाऱ्यालाही मिळत नाही. तेव्हा वर्गणी मागणाऱ्याने ‘टॅक्स वाचेल’ असे खोटे आश्वासन देऊ नये. देवाच्या कामाची सुरुवात असत्याने होऊ नये.

देण्याच्या रीती इतक्या आहेत, पण त्या सर्वांच्या शेवटी एकच कागद आहे, तो म्हणजे पावती. छापील क्रमांक, तारीख, नाव, अंकी व अक्षरी रक्कम, कारण आणि घेणाऱ्याची सही, एवढे असलेली पावती पैसे हातात पडताक्षणी मिळाली पाहिजे. ‘आपल्याच गावचा माणूस, पावती काय मागायची?’ असा संकोच पुष्कळांना वाटतो. हा संकोच सोडला पाहिजे. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे; पावतीमुळे घेणाऱ्याचाही बचाव होतो. गावात कुजबुज सुरू झाली की प्रामाणिक खजिनदाराजवळ स्वतःचे नाव राखायला पावतीपुस्तकाखेरीज दुसरे काय असते? कित्येक भले कार्यकर्ते पैशाच्या अफरातफरीने नव्हे, तर हिशेब न लिहिल्यामुळे बदनाम झाले आणि सार्वजनिक कामातून कायमचे उठले. गावाचे खरे नुकसान ते.

न्यासाचे कर्तव्यही तितकेच आहे. वर्षाचा हिशेब ३१ मार्चला बंद करावा, तपासून घ्यावा, धर्मादाय कार्यालयात दाखल करावा आणि त्याची एक प्रत देवळाच्या फलकावर लावावी. विश्वस्त बदलले तर बदल अर्ज मुदतीत द्यावा. मेलेल्या विश्वस्तांची नावे वर्षानुवर्षे दप्तरात राहिली की बँकेचे खातेही अडते आणि देवाचा पैसा देवाच्याच कामी येत नाही. नोंदणी नसलेल्या समितीने तात्पुरत्या कार्यासाठी वर्गणी काढायची तर कलम ४१क प्रमाणे आधी धर्मादाय कार्यालयात रीतसर परवानगी घ्यावी. शिमग्याला पालखी सहाणेवर बसल्यावर सर्व गाव जमते. त्या वेळी पाच मिनिटे जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवला, तर पुढच्या वर्षीची वर्गणी मागायला फिरावे लागणार नाही.

शेवटी सर्वांत नाजूक गोष्ट. वर्गणी ही खुशीची आहे. ती थकली म्हणून एखाद्या घरी पालखी न नेणे, त्या घरच्या लग्नाकार्यावर किंवा मयतावर बहिष्कार घालणे, माणसाला वाळीत टाकणे, हे प्रकार कोकणच्या गावांतून ऐकू येत राहिले आहेत. महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरला असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंडाची अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण कायद्याच्या धाकाने नव्हे, देवाच्या धाकाने हे थांबले पाहिजे. पालखी दारात येते ती देवीच्या इच्छेने. तिचे भाडे कोणी ठरवू नये.

तसेच वर्गणीच्या यादीतून कोणतेही घर, कोणतीही वाडी वगळू नये. विठ्ठलाचे दार सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले. ज्या घराकडून देणगी मागितलीच नाही, त्या घराला ‘हे देऊळ माझे’ असे म्हणण्याची संधीच नाकारल्यासारखे होते. आणि ज्याच्याकडून देणगी घेतली, त्याला गाभाऱ्यापुढे उभे राहण्याचा, हिशेब विचारण्याचा आणि सभेत बोलण्याचा सारखाच हक्क आहे, मग त्याने पन्नास हजार दिलेले असोत की पन्नास रुपये.

या स्मरणिकेच्या पुढील पानांत देणगीदारांची यादी छापली आहे. मोठ्या रकमा वर आणि लहान खाली, अशी छपाईची रीत आहे. देवीच्या दरबारात यादीचा क्रम कोणता लागतो, हे कोणी सांगू शकत नाही. गाव करी ते राव न करी, ही म्हण पूर्वजांनी अनुभवावरून केली आहे. गावाने देऊळ बांधून दाखवले. आता ते चालवून दाखवावे, आणि रोजच्या एका रुपयाची नोंद शिखराच्या लाखाइतक्याच काळजीने ठेवावी.

ग्रामदेवता सर्वांना देण्याची बुद्धी देवो आणि घेणाऱ्यांना हिशेबाची.

॥ शुभं भवतु ॥